तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा फॉर्म

चांगल्या घरात विचारू नये असा एकही प्रश्न आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी आजवर विचारायचा सोडलेला नाही. नर्सची नोकरी संपल्यावर डोंबिवलीत सुखाने बसायचं, तर बाई जनुकांच्या संशोधनात शिरल्या. गरोदर बायकांचं रक्त घ्यायचं आणि आई, आजी, मावशी कशा बाळंत झाल्या ते लिहायचं. विठ्ठलवाडीची चाळ असो की कोलशेतचा टॉवर, आगरी, बौद्ध, सिंधी, कोकणी, सगळ्यांना एकच फॉर्म. "एकीचं बीपी चढतं, दुसरीचं नाही. त्यात रक्ताचा भाग किती आणि वेळेवर डॉक्टर न मिळण्याचा किती, ते शोधतोय," असं सांगायच्या. शोधा की! पण म्हणून लग्नाच्या पंगतीत वरमाईला, "तुमच्याकडे बाळंतपणात कोणी दगावलंय का हो?" वरमाईची जिलबी हातातच राहिली. मी ताईंना ओळखतच नसल्यासारखा मठ्ठ्यात बघत बसलो.

तरी माझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला बायकोने त्यांना बोलावलंच. ओटी भरायला वाकलेल्या ताई लेकीच्या सुजलेल्या बोटांकडे बघतच राहिल्या. "डोकं दुखतंय का गं?" "कालपासून," ती म्हणाली. ताईंनी तिच्या दंडावरचा फुलांचा बाजूबंद सरळ तोडला, पिशवीतल्या बीपीच्या मशीनचा पट्टा बांधला आणि चढलेला आकडा बघून भर बायकांत मला विचारलं, "भाऊ, तुमची आई कशाने गेली?"

"अहो ताई, हे मला काय विचारता?"

"अर्धं रक्त तुमचंच आहे तिच्यात. बोला लवकर."

"तापाने," मी चिडून म्हणालो. लहानपणापासून तेच ऐकलेलं.

"ताप कसला रे!" कोपऱ्यातून माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या म्हणाली. "दुसऱ्या खेपेला झटके आलेले तिला. बाळही गेलं. तू दोन वर्षांचा, तुला काय सांगणार?"

छप्पन्न वर्षं घरातल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं! पण धड हादरायलाही ताईंनी वेळ दिला नाही. "मग आत्ताच निघायचं," म्हणत त्यांनी लेकीला नटलेलीच रिक्षात घातली. डॉक्टरांनी तिला महिनाभर ठेवून घेतलं. नात पाच आठवडे आधीच आली, आणि दोघी सुखरूप आहेत.

ताई दवाखान्यातही फॉर्म घेऊन आल्याच. "आईचं वय? गेल्या तेव्हा." आत्याने सांगितलेलं मी सांगितलं, "चोवीस." आणि मला रडूच आलं. माझी लेक तिशीची. आता आईचा विचार आला की ती मला आईसारखी वाटतच नाही, धाकट्या लेकीसारखी वाटते, आणि तिला दवाखान्यात न्यायला मी हवा होतो, असं वाटत राहतं.