नकाशावर चालू असलेलं दुकान

खामगावातले मोटार वाइंडिंगवाले चाचा हात वार्निशने माखलेले असले की मोबाइल वाकवलेल्या बोटाच्या पेराने चालवतात. शुक्रवारी नमाजला निघतानाही ते मोबाइलमधल्या नकाशावर आपलं दुकान तासाभरासाठी ‘बंद’ दाखवतात. “गिऱ्हाईक खेड्यातून जळालेली मोटार घेऊन येते. त्याले खोटं काऊन दाखवायचं?”

समोरचा वाइंडिंगवाला दिवाळीआधी वारला. तेव्हापासून त्याचं शटर खालीच आहे. परवा माझ्यादेखत मोबाइलमधल्या नकाशाने चाचांना त्या दुकानाबद्दल विचारलं, ‘हे दुकान कायमचं बंद झालं आहे का?’

चाचांनी ‘नाही’ दाबलं. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“त्याची घरवाली रोज मोबाइलमधी पाह्यते,” नजर न उचलता ते म्हणाले. “तिथं तं त्याचं दुकान अजून चालू हाये.”