सावलीतली सीट

ऑफिसच्या खिडकीतून दिसलं, कॅन्टीनच्या सुनीताताई आपल्या जुन्या सायकलच्या सीटवर ओलं फडकं टाकत होत्या. सायकल भर उन्हात, कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेली. वर्षानुवर्षं स्टँडच्या पत्र्याखाली त्यांची एकटीचीच सायकल असायची. यंदा आम्हा सगळ्यांना सायकलचं वेड लागलं आणि स्टँड भरून गेला. किती चांगलं झालं, असं मी चारचौघांत सांगतही होते. धुरावर बोलले, सुटलेल्या पोटांवर बोलले. त्या सावलीत आधी कोण होतं, हे मात्र कधी मनात आलं नाही.

खाली जाऊन म्हटलं, "ताई, माझी काढते, तुमची लावा."

"राहू द्या मॅडम, तुमची भारीतली आहे. उन्हानं रंग जाईल."

आणि मी ऐकलं.

संध्याकाळी माझी सीट गार होती. तिच्यावर बसवेना.