पुलावर पाऊल चुकवा

जगातल्या झाडून साऱ्या नामांकित पुलांवरून मी फिरलोय. लंडनचा, अमेरिकेचा, कलकत्त्याचा, एकही सोडला नाही. फिरलोय म्हणजे बोटाने, कारखान्यातल्या कॅलेंडरावर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेला आमच्या कारखान्यात यंत्रमाग बारा-बारा तास खडखडायचे. बोललेलं शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही. मग चहाच्या सुट्टीत माणूस साठवलेलं सगळं एकदम ओकायचा. किस्से असेच जमतात, मागाखालच्या धाग्यांच्या गुंत्यासारखे. झाडू मारा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच!

मी खानदेशातला, चौथी पास. बिघडलेला माग नीट करायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. त्यात एका सूतवाल्या व्यापाऱ्याने कॅलेंडर दिलं. दर महिन्याला जगातला एक पूल, खाली बारीक इंग्रजीत त्याचा इतिहास. वाचता कोणालाच येईना. मास्तर म्हणून तेही काम माझ्याकडेच आलं. थोडं शेठच्या मेहुण्याला विचारायचो, बाकीचं पदरचं घालायचो.

*

पहिलं चित्र लंडनच्या पुलाचं. मी सांगितलं, "जहाज आलं की हा पूल मधोमध फाकतो. रस्ताच उभा राहतो."

आमचा नामदेव परभणीकडचा. चार माग एकटा सांभाळायचा, पण पोटात शंका फार. तो म्हणाला, "आन वरची बैलगाडी?"

"ती घसरत आपापल्या घरी जाते."

सगळे हसले. त्या वर्षभरात मी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, म्हणजे पूल फाकतो ती. तीच कोणी खरी मानली नाही.

*

मग आला अमेरिकेचा लाल पूल. मी म्हटलं, "हा इतका लांब की एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिल्या टोकाचा रंग उडतो. रंगाऱ्याला जन्मभर सुट्टी नाही."

सुपडू हा आमच्यातला दुसरा विणकर, माझ्याच गावाकडचा. त्याचा मेहुणा रंगारी, आणि चार महिने घरी बसलेला. सुपडू खरंच अर्ज लिहून घ्यायला निघाला. अर्ज अडवला त्याच्या बायकोने. मला म्हणाली, "भाऊजी, तिथून तो दुपारना जेवाले घर कसा येई?"

*

हावड्याचा पूल मात्र माझ्या अंगाशी आला. मी ऐटीत म्हटलं, "एवढा अवजड पूल, पण सगळा रिवेट ठोकून केलाय. एक नटबोल्ट नाही."

मागे शेठ उभा. म्हणाला, "तो पछी मारा सांचामां आटला बोल्ट शाने?"

सांचा म्हणजे माग. त्याच्या मागाला एवढे बोल्ट कशाला, असं विचारत होता. पुढचे आठ दिवस मी नवा बोल्ट मागितला की शेठ कॅलेंडराकडे बोट दाखवायचा.

*

आता नामदेवाचं.

बारा तास मागाजवळ उभं राहिलं की त्याचा ठेका पायात भिनतो. सुटी झाली की आम्ही वीस-पंचवीस जण लोखंडी जिन्याने खाली उतरायचो, आणि कोणी न सांगता सगळ्यांची पावलं एकदम पडायची. खाट, खूट. जिना थरथरायचा.

जवळच्या इच्छापोर गावात दरवान असलेला एक जुना फौजी माझा चहाचा दोस्त. त्याने मला सांगितलं होतं की विलायतेत एकदा पलटण पावलाला पाऊल मिळवून पुलावरून गेली आणि पूलच बसला. तेव्हापासून पुलावर फौज मुद्दाम पाऊल चुकवते. मी ते मीठमसाला लावून नामदेवाच्या कानात घातलं. "बघ, जिना कसा हलतोय."

नामदेव दुसऱ्या दिवसापासून जिना उतरायचा तो एक पायरी सावकाश, दोन पटकन, मध्येच थांबून. मी महिनाभर हसलो.

पुढे त्याच्या पोरीचं, कमलचं लग्न ठरलं. मुलगा तापीपलीकडच्या कोसाडचा, विणकर. मुलाचे वडील नाना, तेही विणकर, खानदेशी, मानाला फार जपणारे. सीमांतपूजन कुठे करायचं, हा प्रश्न आला. मीच शहाणपणा केला, "तापीच करा सीमा. वऱ्हाडाने पलीकडे ट्रकमधून उतरावं, वाजत-गाजत पूल ओलांडावा, अलीकडच्या टोकाला आपण ओवाळू."

नाना खूश. मुहूर्त दुपारचा.

त्या दिवशी आम्ही ताट घेऊन उभे. पलीकडून बँड वाजला. साठ-सत्तर माणसं, सगळी मागावरची. ढोल पडला आणि सगळ्यांची पावलं एकदम पडायला लागली. खाट, खूट.

माझं लक्ष नामदेवाकडे गेलं. तोंड पांढरंफटक. हातातलं ताट माझ्या हातात कोंबून तो दोन्ही हात पसरून पुलावर धावला. "थांबा! बँड बंद करा! माघारी फिरा!"

मुलीच्या बापाने वऱ्हाड अडवलं! बँड गप. नानांनी फेटा सावरला आणि थंडपणे विचारलं, "पोर देवानी नही का तुमले?"

तिकडे ट्रकवाला गाडी वळवायला लागला, इकडे कमलची आई पदर तोंडाला लावून उभी. माझं हसू कधीच विरलं होतं. मी ताटासकट धावलो. "नाना, चूक माझी. पुलाची थाप मी मारली, यानं खरी धरली."

"थाप न्हाई," नामदेव म्हणाला. "जिना हालतो. म्या पायलाय."

नाना ट्रककडे वळले. मी बँडमास्तरला बाजूला ओढलं. "बाबा, क्लॅरिनेटवर एक गाणं, ट्रम्पेटवर दुसरं, ढोलावर तिसरंच, जमेल?"

तो म्हणाला, "साहेब, आमचं रोज तसंच होतं. लोक तक्रार करतात."

वाजायला लागलं. कुठल्याच पावलाला कुठलंच पाऊल मिळेना. कोणी उड्या मारतंय, कोणी अडखळतंय, नवरदेव बाशिंग धरून तिरका चाललेला. मागांच्या खडखडाटात निम्मे बहिरे झालेले नाना थोडा वेळ ऐकत राहिले, मग मान डोलावत म्हणाले, "हां, आते लगीन वाटस."

मुहूर्त टळायला थोडा वेळ बाकी असताना अक्षता पडल्या. कमल सासरी गेली, आणि माझ्या छातीवरचा दगड तेव्हा कुठे उतरला.

संध्याकाळी मी नामदेवाला पुलाच्या टोकाशी नेलं. वरून ट्रक, सायकली, टेम्पो जात होते. म्हटलं, "बघ रे, पूल उभा आहे. उगाच पोरीचं लग्न मोडायला निघाला होतास."

नामदेवाने पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, उभा हाय नव्हं? मग म्या पाऊल चुकवाया लावलं म्हणूनच उभा हाय."