सहा आकडे मोठ्याने

उधव्याच्या बाजारात कविताचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जातीचा दाखला, रेशनकार्डाची केवायसी, पोरांच्या वसतिगृहाचे अर्ज, सगळं तिच्याकडेच. आठ वर्षांत तिचा आवाज चढत चढत आता बाजारभर ऐकू जातो, आणि त्याला कारणही तसंच आहे. माणसं बाकावर बसल्या बसल्या एटीएमचा पिन मोठ्याने सांगतात, मोबाइल तिच्या हातात कोंबून चहाला निघून जातात. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा कागद तिने भिंतीवर ठोकलाय. त्याच खिळ्याला लोक पिशव्या अडकवतात.

सोमवारी ऐन गर्दीत रखमी आली ती कानाला फोन लावूनच. नातीच्या शिक्षणासाठी मजुरीतून साठवलेलं सगळं तिच्या तलासरीच्या बँकेतल्या खात्यात होतं. त्या खात्याचे कागद कवितानेच भरून दिलेले. रांग सोडून रखमीने फोन तिच्यापुढे धरला.

“ताई, बँकेचा सायब बोलतो. खाता बंद होनार म्हनतो. हे आकडे आलेत, तेवढे त्याला वाचून दे.”

फोनमधून कोणीतरी घाईघाईने ओरडत होतं, “जल्दी बोलो माताजी!” कविताने फोन हिसकावला, कट केला, नंबर ब्लॉक केला. मग तिचा पारा चढला.

“आजी, किती वेळा सांगू? घसा बसला माझा सांगून सांगून! कोण कुठला माणूस, त्याचं तोंड तरी बघितलंस का? एवढे आकडे दिले असतेस तर खातं साफ झालं असतं!”

रखमी घाबरली नाही. तिला उलट नवलच वाटलं.

“मंग तू कशी इचारते? दर टायमाला तूच तं म्हनते, ‘आजी, नंबर सांग पटकन, टाइम संपतोय.’ तोपन तसाच म्हनला.”

आठ वर्षं कविता रोज हेच वाक्य ओरडत होती, याच घाईने. कोणी दरडावून आकडे मागितले की ते देऊन टाकायचे, हे या माणसांना दुसऱ्या कोणी शिकवलं होतं? तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तेवढ्यात रांगेत पुढे असलेल्या उमेशच्या मोबाइलवर ओटीपी वाजला. त्याच्या दाखल्याचा अर्ज स्क्रीनवर उघडा होता. तो सवयीने सुरू झाला, “चार, सात, शून्य...”

“गप्प बस!” कविताने कीबोर्ड उचलून त्याच्यापुढे ठेवला. “तूच टाक.”

“मला नाय जमत, ताई. टाक ना, तू काय परकी आहेस?”

“परकीच समज.”

उमेश एका बोटाने चार शोधू लागला. वेळ संपली. दुसरा नंबर मागवावा लागला, मग तिसरा. रांग दाराबाहेर गेली. कविता दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभी राहिली, कारण ते सारखे कीबोर्डकडे जात होते.