ग्लोव्हला दादाचा हात कळेना

गेल्या रविवारी सकाळी राजारामपुरीत दादाच्या घरी गेले होते. बॅगेत लॅपटॉप आणि एक काळा ग्लोव्ह.

दादा माझा मोठा भाऊ. बावीस वर्षं एका दुकानात डीटीपी करतोय, लग्नपत्रिका, उद्घाटनाचे फ्लेक्स, सगळं. सहा महिन्यांपूर्वी कळंब्याजवळ त्याची गाडी घसरली आणि उजव्या हाताच्या नसांना मार बसला. मनगट वळतं, पण बोटं अर्धवट मिटलेलीच राहतात; थोडी आवळता येतात, पूर्ण उघडत नाहीत.

डाव्या हातानं माऊस धरून बघितला त्यानं. पण टायपिंगलाही तोच हात... एका पत्रिकेला अख्खा दिवस जायचा. दुकानाच्या मालकांनी इतके महिने त्याची जागा राखून ठेवली होती. आता लग्नसराई तोंडावर आली, तेव्हा सोमवारी काय ते सांगा म्हणाले.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझ्या विद्यार्थिनींनी हा ग्लोव्ह बनवलाय. मनगट वळवलं की स्क्रीनवरचा बाण सरकतो, मूठ आवळली की क्लिक होतं. बोट किती वाकलंय ते सेन्सर मोजतात. लॅबमध्ये छान चालत होता...

दादा तयार नव्हताच. "एकदाच बघणार," म्हणाला. वहिनींनी त्याचं एकेक बोट सावकाश ग्लोव्हमध्ये सरकवलं. दुखत असणार, पण त्यानं हात मागे घेतला नाही.

आधी ग्लोव्हला हात ओळखू द्यावा लागतो. स्क्रीनवर सूचना आली, हात पूर्ण उघडा. दादानं जोर लावला, बोटं जराशी हलली... आणि लाल अक्षरं आली. पुन्हा प्रयत्न करा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. मी वायर तपासली, प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला. खरं सांगते, दादाच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नव्हता मला.

चौथ्यांदा लाल अक्षरं आली तरी मी म्हणाले, "अजून एकदा, दादा. पूर्ण उघड."

तो आवाज न चढवता म्हणाला, "उघडत न्हाय म्हणूनच घातलंय की हे. काढ."

मी काढायला हात पुढे केला. वहिनी इतका वेळ त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"वन्सं, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ह्यांचा हात एवढाच उघडतोय न्हवं? मग एवढ्यालाच 'उघडा हात' म्हणा की. मशीनला काय ठाऊक, पुरा हात म्हंजे किती?"

मी लॅपटॉप पुढे ओढला. 'उघडा हात' म्हणजे किती, हा आकडा प्रोग्रॅममध्ये आम्हीच लिहून ठेवला होता. लॅबमधल्या विशीतल्या हातांवरून... एका ओळीचं काम होतं. ती ओळ बदलली.

दादानं पुन्हा हात उघडला. उघडतो तेवढाच. लाल अक्षरं आली नाहीत. त्यानं मनगट वळवलं... आणि बाण सरकला.

पुढची दहा मिनिटं तो सराव करत राहिला. बाण भलतीकडे पळायचा, एकदा मूठ आवळली की क्लिक दोनदा व्हायचं. मग त्यानं मला एक जुनी पत्रिका उघडायला लावली. नवरीचं नाव पकडलं, निसटलं, परत पकडलं आणि बरोबर मधोमध नेऊन सोडलं.

"वाकडं हुतं," एवढंच म्हणाला. वहिनी आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सोमवारी त्यानं मालकांना हो सांगितलं. सध्या अर्धा दिवस जातोय. टायपिंगला डावा हात, माऊसच्या कामाला ग्लोव्ह. वेग अजून नाही आणि संध्याकाळी मनगट भरून येतं... पण जातोय.

वहिनी, तुम्ही थांबवलं नसतं, तर मी तो ग्लोव्ह गुपचूप बॅगेत भरला असता आणि दोष दादाच्या हाताला देऊन घरी आले असते.