उचकीचा धागा

अण्णांना उचकी लागली तेव्हा आम्ही आधी हसलोच. अण्णा म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर लेथवर उभे राहून नुकतेच निवृत्त झालेले. जेवताना उचकी लागली, आई म्हणाली, "कोणतरी आठवण काढतंय," आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेकाचं नाव घेणं सुरू झालं. आठवण काढणाऱ्याचं नेमकं नाव घेतलं की उचकी थांबते, यावर आमच्या घराचा पक्का विश्वास. आत्याचं नाव घेऊन झालं, चांदवडच्या काकांचं झालं, कारखान्यातल्या झाडून सगळ्या दोस्तांची झाली. शेजारच्या मावशी डोळे मिचकावत म्हणाल्या, "कॅन्टीनमधल्या त्या पोळ्यावाल्या बाईचं घेऊन बघा की." आई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

नातेवाईक संपले, उचकी संपली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. घास गिळला की वर यायचा. डोळा लागला की आतून धक्का बसायचा आणि अण्णा उठून बसायचे. साखर चाटवून झाली, श्वास कोंडून झाला, पाठीत गुद्दे घालून झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, "गॅस आहे" म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. तेवढी दुपार बरी गेली. संध्याकाळी पुन्हा सुरू. आमचा उंचापुरा माणूस अंथरुणात अर्धा झाला.

"पोरी, आता नाय सोसवत," एकदा ते म्हणाले. एवढ्या तीन-चार शब्दांत त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी तशीच कामावर निघाले. बसमध्ये मला काही सुचत नव्हतं. आपला बाप उचकीनं मरणार, आणि लोकांना सांगितलं तर लोक हसणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मी तेव्हा एका छोट्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचे. तिथे इंटरनेट होतं, पण फोनच्या तारेवर. मी नेट लावलं की फोन बंद, आणि फोन बंद झाला की शेठ आतून ओरडायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र मुभा होती. डबा खाता खाता मी एक मराठी संकेतस्थळ वाचायचे. कोणीही तिथे विषय काढायचा, त्याला धागा म्हणायचे, आणि खाली बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचे. मी नुसती वाचक. पण त्या मंडळींचा मला भारी आदर होता. अमेरिकेतले होते, पुण्यातले होते, आणि जगातली एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्याबद्दल त्यांना ठाम मत नव्हतं. म्हटलं, एवढ्या विद्वानांत एकाला तरी उचकीचं कळत असेल.

त्या दुपारी मी पहिल्यांदा लिहिलं. सर्व जाणकारांना नमस्कार, वडिलांची उचकी थांबत नाही, खाणं-झोप बंद आहे, कृपया लवकर उपाय सुचवावा, मी नाशिकला असते. धाग्याला नाव दिलं, "उचकी थांबत नाही". तिथेच घात झाला, पण ते कळायला वेळ लागला.

पहिला प्रतिसाद लगेच आला. "रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर." एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तशी जागा धरून ठेवायची त्या मंडळींची पद्धत होती. मी सुट्टी संपेपर्यंत त्या रुमालाकडे बघत बसले. त्या गृहस्थांचं सविस्तर आजतागायत आलेलं नाही.

दुसऱ्यानं लिहिलं, या विषयावर आधीच चर्चा झालेली आहे, नवीन सदस्यांनी शोधायचे कष्ट घ्यावेत. मी घेतले. उचकी हा शब्द एका ठेच्याच्या पाककृतीत सापडला. तिसऱ्याचा सल्ला, त्यांना एकदम घाबरवा. मी उत्तर दिलं की ते घाबरलेलेच आहेत. त्यावर दोघांनी हसरे चेहरे टाकले.

मग अमेरिकेतल्या एका काकांनी लिहिलं, "वा! उचकी! काय हळवा विषय काढलात मित्रा!" त्यांनी नुसतं धाग्याचं नाव वाचलं होतं; मी मित्र नव्हते आणि विषय हळवा नव्हता. पण काकांना इथून गेल्यापासून उचकी लागलेली नव्हती, म्हणजे मायदेशात आपली कोणी आठवण काढत नाही, असं त्यांना त्या थंडीत वाटत होतं. झालं, धरण फुटलं. प्रत्येकाला कॉलेजातली कोणीतरी आठवली. कविता आल्या. कवितांवर कविता आल्या. एका बाईंनी उचकीवरून थेट उंबऱ्यावरच्या सांजवेळेपर्यंत मजल मारली आणि त्यांना सतरा अनुमोदनं मिळाली. मी मधे लिहिलं, "कृपया, वडिलांना अन्न जात नाहीये." उत्तर आलं, "धागाकर्त्यानं स्वतःच्याच सुंदर धाग्याचा असा रसभंग करू नये."

घरी आई दारात उभी असायची. "काय म्हंतात तुझी ती शिकलेली माणसं?" मी सांगायचे, विचार करतायत. ती देवापुढे अजून एक वात लावायची. मला त्या माणसांचा एवढा संताप यायचा की जेवण जात नसे, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली की सगळ्यात आधी मी तिथेच जायचे. दुसरं जायला होतं कुठे?

पुढे कोणीतरी नाशिकच्या पाण्याला नावं ठेवली. त्यावर नाशिकचे चार जण बाह्या सरसावून आले. मला वाटलं आपल्या गावची माणसं तरी विचारतील, बाई, कुठे राहतेस, येऊ का? ते पुणेकरांशी चिवड्यावरून भांडत बसले. एकच जण दोन नावं घेऊन दोन्ही बाजूंनी भांडतो आहे असा आरोप झाला, मग त्यावर भांडण.

आणि एके दिवशी पाहिलं तर मधेच एक रिकामी चौकट. "सदस्याने हा प्रतिसाद काढून टाकला आहे." खाली मात्र रान पेटलेलं. "आपण डॉक्टर आहात का?" "असाल तर पदवी सांगा." "नसाल तर लोकांना घाबरवू नका." "आले मोठे शहाणे, आमच्या कवितांचा धागा नासवायला." "हा जुनाच आयडी नव्या नावानं आलाय, मी भाषेवरून ओळखलं." तो माणूस एकदाच उत्तरला होता, दोनच शब्द, "चालू द्या." मग आपलं आधीचं लिहिलेलं पुसून तो निघून गेला होता.

एवढ्या कवितांत एकाच माणसानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि ते मी पोचायच्या आत गेलं होतं. मी लिहिलं, "त्यांनी काय सांगितलं होतं? कोणी वाचलं असेल तर सांगा, पाया पडते." एकानं लिहिलं, झालं गेलं विसरा. दुसऱ्यानं लिहिलं, व्यक्तिगत चर्चा नको. आतून शेठ ओरडले, "फोन सोड गं!" मी सोडला नाही. मी ती सगळी भांडणं पहिल्यापासून, एकेक ओळ, वाचायला लागले. शिव्यांत काही सांडलंय का ते बघत होते.

सांडलं होतं. कवितावाल्यांतल्याच एकानं त्याची टर उडवताना लिहिलं होतं, "म्हणे गुडघ्याच्या गोळ्या खातात का विचारा! गुडघ्याच्या गोळ्यांनी उचकी! उद्या म्हणाल चप्पल चावली म्हणून टक्कल पडलं." आणि त्याच्या खाली दुसऱ्याचं, "उचकीला रक्त तपासा म्हणे. मूत्रपिंडही तपासा. ठेवणीतलं काही राहिलं असेल तर तेही तपासा." पुढे हसरे चेहरे, ओळभर.

अण्णा गोळ्या खायचे. लेथवर उभं राहून गुडघे गेले होते. मेडिकलवाल्याला नुसतं "माझ्या गोळ्या दे" म्हटलं की तो पट्टी काढून द्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक, शेंगदाणे खावेत तसे वर्षानुवर्षं. कोणत्याही डॉक्टरांना आम्ही ते सांगितलं नव्हतं, कारण त्या गोळ्यांना आमच्या घरी कोणी औषध समजतच नव्हतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून घरी गेले. अण्णा म्हणाले, "त्या गोळ्या तर लय जुन्या हायेत. त्यांनी काय व्हतंय?" मी त्यांना उचलल्यासारखंच करून मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून तिथले डॉक्टर आमच्याकडे न बघता नर्सशी भराभर बोलायला लागले, तेव्हाच मी समजले. वर्षानुवर्षं खाल्लेल्या त्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी दोन्ही मूत्रपिंडं जवळपास थांबली होती. रक्तात विष साठलं होतं आणि ते उचकी होऊन बाहेर ठोठावत होतं. त्याच दिवशी त्यांना डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. आई बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा नावं घेत होती, या वेळी देवांची.

उचकी एकदम गेली नाही. आधी विरळ झाली, मग एक दुपार तिच्याशिवाय गेली, मग ती आलीच नाही. अण्णा इतके झोपले की आई अधूनमधून त्यांच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

मी संकेतस्थळावर सगळं लिहिलं. रिपोर्ट काय आला ते, कोणाच्या सांगण्यावरून तपासलं ते. दोघा-तिघांनी अभिनंदन केलं. एका काकांनी विचारलं, म्हणजे उचकी आठवणीनं लागत नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे का? त्यावर पुन्हा सुरू झालं. मी त्या चौकटीवरचं नाव दाबून पाहिलं. "हे खाते बंद करण्यात आले आहे." फोटो नाही, गाव नाही, पुरुष की बाई तेही नाही.

अण्णा घरी आल्यावर आईनं बिनमिठाची मुगाची खिचडी केली. त्यांनी तोंड वाकडं करत ताट पुसून खाल्लं. आई डोळे पुसत त्यांच्यासमोरून हलेना.

"तुला सांगितलं कोणी गं हे गोळ्यांचं?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर एकानं."

"मग त्याला कळव ना. म्हणावं, झोप लागती आता. जेवलोबी."

"कळवलं."

"काय म्हनला?"

"बरं वाटलं म्हणाला."

"वाटंलच. माणूस चांगला हाय," अण्णा म्हणाले. "जेवायला बोलाव की एकदा. कुठला हाय तो?"

"लांबचा आहे," मी म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत गेले. तो आमच्या मागच्या गल्लीत राहत असता, तरी मला कळलं नसतं.