अडतिसावा कॉम्प्युटर

आमच्या बियाणे कंपनीत अडतीस कॉम्प्युटर आहेत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मी पेन ड्राइव्ह घेऊन एकेकापाशी बसायचो. एकाला चाळीस मिनिटं. सगळ्यांचे मिळून पंचवीस तास वीस मिनिटं. बदनापूर आणि अंबडच्या केंद्रांचा प्रवास वेगळा. शेवटी चार महिने खपून मी सगळ्या सेटिंग एका फाइलमध्ये लिहिल्या. ती ऑफिसातून एकदा चालवली की सगळे कॉम्प्युटर आपोआप सारखे व्हावेत.

साहेबांनी अट घातली, "एकदाच. काम अडलं की परत पेन ड्राइव्ह."

नवी आवृत्ती ऐन सोयाबीनच्या आवकेत आली. फाइल चालवली. एकोणीस मिनिटांत काम फत्ते. मी हा आकडा रजिस्टरात लिहीत होतो, तोच बदनापूरच्या वजनकाट्यावरच्या ऑपरेटरचा फोन.

"साहेब, स्क्रीनवर वजनच येऊन न्हाई राह्यलं. अकरा ट्रॅक्टर उभे हायेत."

"केबल बघितली?"

"केबल बराबर हाय. सकाळी चालू होतं, मंग तुम्ही हात लावला."

अर्ध्या तासात पोचलो. तो दारातच होता. "या, जाग्यावर बसून काम करणारे!"

माझ्या यादीतल्या या शेवटच्या, अडतिसाव्या कॉम्प्युटरला जोडलेलं काट्याचं यंत्र जुनं. त्याला वेगळं सेटिंग लागतं. तीन वर्षांपूर्वी या ऑपरेटरच्याच सांगण्यावरून ते मीच बदललं होतं. पेन ड्राइव्हच्या कामात त्याला कधी धक्का लागला नाही. फाइलने मात्र ते इतरांसारखं करून टाकलं. मी तसंच लिहिलं होतं. रजिस्टर चाळलं. त्या बदलाची नोंद नव्हती. बारीकसारीक लिहून ठेवणारा म्हणून मी मिरवत होतो.

सेटिंग परत केलं, ट्रॅक्टर हलले. साहेबांना सांगितलं, "चूक फाइलची नाही, माझी. आठ दिवस द्या."

"आठच."

मग अडतीसही कॉम्प्युटरपाशी जाऊन एकच प्रश्न विचारला: इथं हाताने काय बदललंय? बहुतेक जण आधी "काहीच न्हाई" म्हणायचे. मी उठत नाही म्हटल्यावर त्यांना आठवायचं. नऊ बदल सापडले. पाच खरोखर लागणारे. चार कशासाठी केले, कोणालाच सांगता येईना. पाच फाइलमध्ये घातले, चार काढले. सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी फाइल काट्यावरच बसून चालवली. साहेब फोनवर. एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. स्क्रीनवर वजन आलं. ऑपरेटरने ते यंत्रावरच्या आकड्याशी दोनदा ताडून पाहिलं आणि माझ्या फोनकडे तोंड करून ओरडला, "बराबर हाय, साहेब!"

"राहू द्या मग फाइल," साहेब म्हणाले.

गेल्या आठवड्यात ऑपरेटरचा पुन्हा फोन आला. "साहेब, प्रिंटर दुसऱ्या टेबलावर ठेवला. लिहून घ्या."

"टेबल बदललं तर लिहावं लागत नाही."

"मागच्या बारीलाबी तुम्ही लिहिलं नव्हतं. लिहा."

लिहिलं.